सायलेन्सररावांचा घसा

नवी मोठी गाडी दारात आली की ओळखपरेड पुढून सुरू होते. जाळी बघा, दिवे बघा, सनरूफ बघा, मागच्या सीटला एसीची वेगळी हवा बघा. मागे जाऊन खाली वाका, असं कुणीच म्हणत नाही. तुम्ही मात्र वाका. स्टेपनीच्या बाजूला, बंपरच्या आडोशाला, तीन-चार रबरांना लटकलेले जे लांबुडके गृहस्थ दिसताहेत ते सायलेन्सरराव. हात लावू नका. गाडी आत्ताच हायवेवरून आली आहे आणि राव तापट आहेत.

घरच्यांना त्यांची आठवण होते ती स्पीडब्रेकरला पोट घासल्यावर. "काय लागलं रे?" "सायलेन्सर असेल." "मग असू दे." आरशाला नखाएवढा चरा गेला तर या घरात दोन दिवस सुतक असतं. रावांच्या खरचटण्याची कुणी चौकशी करत नाही.

वास्तविक त्यांची नेमणूक सरकारी आहे. प्रत्येक गाडीला असं एक साधन असलंच पाहिजे, ज्यायोगे इंजिनातून सुटणाऱ्या वायूंचा आवाज होता होईल तेवढा कमी व्हावा, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२० वा नियम सांगतो. क्लच आणि गिअर इंजिनाच्या गरजेतून आले. सनरूफ मुलांच्या हट्टातून आलं. राव आले कायद्यातून. म्हणून त्यांचं सगळं वागणंही तसंच आहे: बोलणं बेताचं, फाइल आतल्या आत फिरवायची आणि बाहेर आवाज जाऊ द्यायचा नाही.

काम म्हणाल तर तोंड दाबून बुक्क्यांचा मार. चार सिलिंडरचं इंजिन दोन हजार आरपीएमवर निवांत चाललं असलं तरी आत मिनिटाला चार हजार स्फोट होत असतात. प्रत्येक स्फोटानंतर तापलेल्या वायूचा एक ठोसा पाइपातून मागे धावत येतो आणि तो खायला राव बसलेले. त्यांच्या पोटात पत्र्याचे पडदे घालून खोल्या पाडलेल्या असतात आणि एकीतून दुसरीत जायला भोकाभोकांच्या नळ्या असतात. आवाज एका खोलीत शिरतो, भिंतीवर आपटून माघारी वळतो आणि मागून येणाऱ्या आवाजाशी त्याची गाठ पडते. एकाचा चढ दुसऱ्याच्या उतारावर बरोबर बसला की दोघेही गार. उरलासुरला चुरचुराट काचेच्या लोकरीत मुरतो. थोडक्यात, राव आवाज दाबत नाहीत. आवाजांची आपसात भांडणं लावून देतात. वर्षानुवर्षं सोसायटीचे सेक्रेटरी राहिलेल्या माणसालाच ही कला साधते.

त्यांच्या पुढे, गाडीच्या मधोमध, धाकटे बंधू असतात: रेझोनेटर. गॅरेजात त्यांना नुसतं 'पुढचा डबा' म्हणतात. थोरले सगळ्या आवाजांना तोंड देतात, पण एखादा ठरावीक सूर त्यांनाही दाद देत नाही. तेवढा एक सूर मारण्यासाठी धाकटे ठेवलेले असतात. त्यांना कमी लेखू नका. त्यांचा प्रताप पुढे येतो आहे.

आता मालकांना भेटा. पंचेचाळीसच्या घरातले. कॉलेजात असताना सेकंडहँड आरएक्स हंड्रेड होती. तिचं उत्पादन १९९६ साली बंद झालं, पण मालकांच्या कानात ते अजून चालू आहे. सध्या सात सीटची गाडी आहे. मधल्या रांगेत गुडघ्याला पट्टा बांधलेल्या आई, मागच्या रांगेत दोन मुलं आणि त्यांच्यामधली सीमारेषा म्हणून ठेवलेली उशी. गाडी दिसायला दांडगी. पण पार्किंगमधून निघते इतकी बिनबोभाट, की वॉचमनने फाटक उघडावं म्हणून हॉर्न वाजवावा लागतो. एवढे लाख मोजून हॉर्न! मालकांचं दुःख इथं आहे. त्यांना गोंगाट नको आहे. वॉचमनने आपणहून मान वर करावी, एवढंच हवं आहे.

यात एकट्या रावांचा दोष नाही. त्यांच्यापर्यंत आवाज पोचतो तोच अर्धमेला होऊन. वाटेत आधी टर्बो बसलेला असतो. तो त्या ठोशांतली ताकद स्वतःचं चक्र फिरवायला काढून घेतो. मग कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे हजारो बारीक छिद्रांची एक वीट. डिझेल गाडी असेल तर एप्रिल २०२० ला बीएस-सिक्स आल्यापासून वाटेत काजळी धरणारा फिल्टरही आला. एवढ्या नाक्यांवर झडती होऊन जे मागे येतं त्याला गप्प करणं रावांच्या डाव्या हातचा मळ आहे. जुन्या जीपच्या काळातले राव भेटले तर विचारा, खरी मेहनत काय होती ते.

मालक एका शनिवारी गॅरेजला जातात.

"मिस्त्री, जरा आवाज खुलवता येईल का?"

"टेपचा?"

"नाही हो, गाडीचा. मागून. जरा भरदार."

मिस्त्री लिफ्टखाली शिरतात. पान्ह्याने रावांच्या पोटावर दोनदा टकटक करतात, कान लावतात, पाइपाच्या तोंडात बोट घालून काजळी अंगठ्यावर चोळून बघतात. मग फडक्याला हात पुसत बाहेर येतात. "ठणठणीत आहे. कुठं गंज नाय, चीर नाय. ह्याला कशाला कापायचं साहेब?"

"कापायचं नाही. कायद्यात बसेल असं काहीतरी करा."

"कायद्यात बसवायचं तर आवाज बसलेलाच राहणार. आवाज उठवला की पावती फाटणार."

"पण लोक फ्री-फ्लो सायलेन्सर टाकतात ना?"

"टाकतात. आन् महिन्याभरात येतात, जुना परत लावा म्हणून. म्हणून मी जुना डबा कुणाचा फेकत नाय." मिस्त्री कोपऱ्याकडे बोट दाखवतात. तिथे भिंतीला टेकून सहा-सात राव उभे आहेत, प्रत्येकाच्या छातीवर पांढऱ्या ऑइलपेंटने गाडीचा नंबर. परतीच्या बोलावण्याची वाट बघत आहेत, आणि त्यांना घाई अजिबात नाही.

पावतीचं मिस्त्री खोटं सांगत नव्हते. कंपनीने जे ठरवून दिलं त्याच्याशी विसंगत बदल मालकाने परस्पर करायचा नाही, असं मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम म्हणतं. जानेवारी २०१९ मध्ये केरळातून आलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तेच पुन्हा बजावलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि आवाजाची मर्यादा मोडणाऱ्याला पहिल्याच खेपेला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, वर लायसन्स तीन महिने खुंटीला, अशी तरतूद आली. शिवाय बेअब्रू वेगळी. बुलेटचे फटाके फोडणारे सायलेन्सर चौकात ओळीने मांडून त्यांच्यावरून रोडरोलर फिरवल्याचे फोटो आपण पेपरात बघतोच. हॉर्नच्या वाट्याला असं काही येत नाही. मुंबईत २०२० च्या सुरुवातीला एक प्रयोग गाजला होता; सिग्नलला हॉर्नचा कलकलाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिवा पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागायचा. म्हणजे हॉर्नला शिक्षा काय, तर अजून थोडा वेळ उभे राहा. रावांच्या जातभाईंना थेट रोलर. त्यांच्या मनात हॉर्नविषयी आकस असेल तर तो गैर म्हणता येणार नाही.

गाडीचा नवा प्रकार बाजारात यायच्या आधी रावांची तोंडी परीक्षा होते. मोकळ्या मैदानात, गाडीच्या वाटेपासून दोन्ही बाजूंना साडेसात-साडेसात मीटरवर, १.२ मीटर उंचीचे दोन माइक उभे करतात. गाडी ताशी ५० किलोमीटरने येते, रेषेवर आली की ड्रायव्हर ॲक्सिलरेटर पार तळाला दाबतो आणि गाडी गर्जत दोन्ही माइकांच्या मधून जाते. पास व्हायचं तर घरगुती गाडीने साधारण ७४ डेसिबलच्या आत राहायचं. डिझेलला आणि रानावनात जाणाऱ्या जड गाड्यांना एखाद्-दुसऱ्या डेसिबलची सवलत. गाड्यांच्या असल्या परीक्षा घेऊन शिक्का देणारी एआरएआय ही १९६६ सालची संस्था पुण्यात वेताळ टेकडीवर आहे. त्याच टेकडीवर रोज सकाळी पुणेकर शांततेसाठी चढतात आणि वर जाऊन मोठमोठ्याने राजकारण बोलतात. त्यांना मर्यादा नाही.

डेसिबलचा हिशेब मालकांना पटत नाही. "पाच-सात वाढले तर काय बिघडलं?" तीन डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट झालेली असते आणि दहा वाढले की कानाला आवाजच दुप्पट वाटतो. म्हणजे त्यांचा 'थोडासा' फार मोठा आहे. राव मात्र या हिशेबातले पक्के मुनीम. त्यांना ठाऊक आहे की कायदा आवाजाचं वजन करतो, सूर ओळखत नाही. ७४ च्या आत राहून खर्जात बोलायचं की किरट्या आवाजात, हे त्यांच्यावर सोडलेलं आहे. जे काय राजरोस करायचं ते या फटीत करायचं. अर्थात फटसुद्धा कंपनीच्या इंजिनिअरांसाठी, मालकांसाठी नाही.

ज्यांनी हे ऐकलं नाही त्यांची कथा सांगतो. गल्लीतल्या एकाने धाकट्या बंधूंना, म्हणजे पुढच्या डब्याला, काढून तिथे सरळ नळी जोडली. गल्लीत दोन दिवस कौतुक झालं. तिसऱ्या दिवशी सहकुटुंब कोल्हापूर. साताऱ्यापुढे गाडी एका लयीत, दोन हजार आरपीएमला लागली आणि आत घुमायला लागलं. बाहेर फारसं काही नाही. जे होतं ते सगळं आत. मिनिटाला चार हजार ठोसे म्हणजे सेकंदाला साठ-सत्तर, आणि एवढ्या खर्जातल्या सुराला गाडीची बंद केबिन छान साथ देते. काच वर केली तरी तेच, गाणी लावली तरी त्यांच्या खालून तेच. सासूबाई कराडपर्यंत सोसत होत्या. मग म्हणाल्या, "अरे, हे काय गिरणीत बसवलंयस मला? डोकं उठलं." कोल्हापूर येईपर्यंत वेग कधी ऐंशीच्या खाली, कधी शंभराच्या वर, कारण मधल्या पट्ट्यात कुणालाच राहवेना. तो एकच सूर मारायला धाकट्यांना ठेवलं होतं. ज्याला गल्लीला ऐकवायचं होतं त्याला स्वतःच्या सासूसमोर कोल्हापूरपर्यंत ऐकत बसावं लागलं.

रावांच्या दिखाऊपणाबद्दल बोललं पाहिजे. आजकालच्या बऱ्याच मोठ्या गाड्यांच्या बंपरमध्ये दोन्ही बाजूंना क्रोमच्या चकचकीत चौकटी दिसतात. बघणाऱ्याला वाटतं, काय दणकट धुरांडी आहेत! वाकून बघा, आत प्लॅस्टिक आहे. कोंबडीचं पीसही त्यातून बाहेर पडणार नाही. खरी नळी बंपरच्या मागे जमिनीकडे तोंड वळवून बसलेली असते. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे असतात हे ऐकून होतो. इथे दाखवायचं तोंडच वेगळं निघालं. ज्यांच्याकडे तेही नाही ते ॲक्सेसरीच्या दुकानातून क्रोमची टोपी आणून नळीला चढवतात. टोपीने आवाज कणभर बदलत नाही, पण मालकांना तो बदललेला ऐकू येतो, आणि राव त्यांचा गैरसमज दूर करत नाहीत.

त्यांच्या सवयी माणसाच्या वयाप्रमाणे नाहीत, वेळेप्रमाणे आहेत. सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू केली की दोन मिनिटं ते मोठ्याने खाकरतात. कन्व्हर्टर तापल्याशिवाय कामाला लागत नाही, म्हणून इंजिन मुद्दाम जोरात फिरतं, आणि तेवढा वेळ रावांचा खरा आवाज ऐकायला मिळतो. मग तोंडातून पाणी टपकतं. नवीन मालक घाबरतात. घाबरू नये, पेट्रोल जळलं की पाणी तयार होतंच, लिटरभर पेट्रोलमागे जवळजवळ लिटरभर. लांब पल्ल्यात ते वाफ होऊन निघून जातं. रोज शाळा, भाजी, जिम असा दोन-दोन किलोमीटरचा फेरा असेल तर ते पोटातच साचतं आणि राव आतून गंजतात. त्यांना प्रवास मानवतो, घरकाम नाही. गाडी बंद केल्यावर अंधाऱ्या पार्किंगमध्ये टिक्, टिक् असा जो आवाज येत राहतो तो तापलेला पत्रा आखडतानाचा. दिवसभराचं काय बोलायचं राहिलं ते तेव्हा बोलून घेतात.

लेखनाची हौसही आहे, पण फक्त भिंतींवर. गाडी मागे घेऊन भिंतीला टेकवली की रंगाला काळा ठिपका पडतो, आणि मग सोसायटीत पाटी लागते: 'गाडी उलटी लावू नये. भिंत आपल्या तीर्थरूपांची नाही.'

घराणं जुनं आहे, आणि खानदानात गप्प बसण्याची परंपरा पहिल्यापासून नव्हती. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावच्या रीव्ह्ज बंधूंनी १८९७ मध्ये इंजिनाच्या मफलरचं पेटंट घेतलं. त्यातल्या मिल्टन रीव्ह्जने पुढे १९११ साली आठ चाकांची मोटारही काढली होती, आणि ती कुणी घेतली नाही. म्हणजे ज्या डोक्यातून ही शांतता निघाली ते डोकं शांत नव्हतं. पुढच्या काळात गाडीच्या मालकांनी लगेच पळवाट शोधली. 'कटआउट' नावाची एक झडप असायची. पायाने खटका दाबला की वायू रावांना वळसा घालून थेट बाहेर. चढावर ताकद मिळते असं सांगायचं आणि बाजारपेठेतून जाताना दाबायचा. शहरांनी तिच्यावर एकेक करून बंदी आणली. महागड्या गाड्यांतल्या आजच्या इलेक्ट्रिक झडपा तिच्याच नाती. तपासणीपुरतं गप्प बसायचं आणि फाटकाबाहेर पडलं की गळा काढायचा, हा त्यांचा डाव लक्षात आल्यावर २०१६ पासून युरोपने नियम बदलले आणि ठरलेल्या एका वेगाला आवाज मोजून न थांबता इतर वेगांनाही मोजायला सुरुवात केली.

रावांची खरी किंमत मालकांना कळत नसली तरी चोरांना कळली आहे. पुण्या-नाशकाकडे इको गाड्यांचे सायलेन्सर रातोरात गायब होण्याच्या बातम्या गेली काही वर्षं येताहेत. आतल्या कन्व्हर्टरच्या मातीत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं. चोर आत हात घालत नाही, काच फोडत नाही, टेप नेत नाही. खाली सरपटत जातो, बोल्ट काढतो आणि पसार. सकाळी मालक किल्ली फिरवतो आणि आख्खी गल्ली जागी होते. बेकायदा आवाज काढायची इतकी खर्चिक रीत दुसरी नाही.

तर मग कायदेशीर काय? मालकांनी कंटाळून विचारलेला प्रश्न आहे, उत्तर दिलं पाहिजे.

सगळ्यात स्वस्त उपाय बोगद्याचा. साताऱ्याहून पुण्याकडे येताना खंबाटकीचा बोगदा लागतो, एक्स्प्रेसवेवर कामशेतचा. काचा खाली करायच्या, गिअर एक खाली घ्यायचा आणि वेगमर्यादेत राहून ॲक्सिलरेटर थोडा दाबायचा. राव जे काही पुटपुटले असतील ते भिंतींवरून चौपट होऊन येतं. हा मर्यादाभंग नाही, निसर्गाची देणगी आहे. मुलं ओरडतात, आई "काचा वर करा, धूर येतोय" म्हणतात, आणि अर्ध्या मिनिटात बोगदा संपतो.

दुसरा उपाय कारखान्यातूनच गळा तयार करून आणलेली गाडी घ्यायची. ह्युंदाईने २०२१ मध्ये आय-ट्वेन्टीची एन लाइन काढली, मग २०२२ मध्ये व्हेन्यूची, २०२४ मध्ये क्रेटाची. मागे दोन तोंडांचा पाइप आणि सूर मुद्दाम जुळवलेला. हे राव सरकारमान्य गायक. परीक्षा देऊन, पास होऊन, मर्यादेत राहून गातात. सांगितल्याशिवाय फरक कळत नाही, असं शेजारी म्हणतात. मालक म्हणतात, कान लागतो. अमेरिकेत कन्व्हर्टरच्या मागचा सगळा पाइप डब्यासकट बदलून देणारे संच राजरोस विकले जातात, आणि तिकडे असलेला भाचा त्याचे व्हिडिओ पाठवतो. पण कॅलिफोर्नियासारखी राज्यं त्यालाही डेसिबलची वेसण घालतात, हे भाचा सांगत नाही.

तिसरा उपाय सगळ्यात हुशार, आणि रावांना त्याचीच चीड आहे. आवाज मागून आणायचाच नाही. बीएमडब्ल्यूने २०११ च्या एम-फाइव्हमध्ये इंजिनाचा आवाज स्पीकरमधून केबिनमध्ये सोडायला सुरुवात केली. बाहेर चिडीचूप, आत गर्जना. विजेच्या गाड्यांनी तर राव हे पदच रद्द केलं. चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या नव्या इलेक्ट्रिक एसयूव्हींचे आवाज ए. आर. रहमान यांनी बांधले आहेत. ज्या कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या पत्रा कुजवला, त्याला आता ऑस्करवाला संगीतकार. गंमत पुढे आहे. या गाड्या पायी चालणाऱ्यांना ऐकूच येत नाहीत म्हणून युरोपने २०१९ पासून नव्या मॉडेलांना कमी वेगात किमान आवाज सक्तीचा केला. ताशी २० किलोमीटरला ५६ डेसिबल तरी पाहिजेच. जन्मभर 'गप्प' ऐकलेल्या रावांसमोर नव्या पोराला सरकार 'बोल' म्हणून दटावतंय. ज्येष्ठतेचा मान कुठे राहिला?

आवाजाची हौस कुठपर्यंत टिकते याचा एक दाखला फोर्डकडे आहे. त्यांच्याच एका वरिष्ठ इंजिनिअरने दमदार इंजिनाची मस्टँग घरातून मागे घेतली आणि शेजाऱ्याने पोलिसांना फोन लावला. पोलिस येईपर्यंत साहेब कामावर निघून गेले होते. पण गोष्ट मनाला लागली. पुढे २०१८ च्या मस्टँगला एक नवी सोय मिळाली: ठरवून दिलेल्या वेळात गाडी सुरू केली तर ती हळू आवाजात सुरू होईल. आधी पैसे देऊन गर्जना घ्यायची, मग बटण दाबून ती मिटवायची.

आपल्या मालकांकडे असं बटण नाही. मे महिन्याच्या सुट्टीत गुहागरला निघायचं असतं, पहाटे पाचला. सामान कुजबुजत भरलं जातं, डिकी दोन्ही हातांनी हळूच दाबली जाते, मुलांना दटावलं जातं, आईंना आधार देऊन बसवलं जातं. मालक बटण दाबतात. इंजिन थंड, कन्व्हर्टर थंड, त्यामुळे राव आपला हक्काचा खाकरा सुरू करतात, बंद पार्किंगमध्ये, चारी भिंतींना ऐकवून. वर्षभर ज्यांच्या आवाजासाठी गॅरेजचे उंबरे झिजवले त्यांना मालक आरशात बघून ओठांवर बोट ठेवतात. राव थांबत नाहीत. दोन मिनिटं त्यांची आहेत. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावर दिवा लागतो आणि गॅलरीतून खणखणीत आवाज येतो:

"निघालात का गुहागरला? येताना आमसुलं आणा, पाव किलो!"